ट्रेलरमधला एसी आणि अर्ध्या तासाची गोष्ट

(रौप्यमहोत्सवी वर्षातल्या गच्चीवरच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

पाण्याच्या टाकीवर चढून बसलेल्या बालमित्रांनो, आधी खाली उतरा, मग मी सुरू करतो.

सेक्रेटरीसाहेबांनी मला सांगितलं, "तुम्ही चार महिने अमेरिकेत लेकीकडे राहून आलात, तेव्हा प्रवासवर्णन करा." आता नायगाराचे फोटो तुम्ही सगळ्यांनी प्रत्येकाच्या मोबाइलवर पाहिलेत. त्यात मी नवीन काय सांगणार? मी ३४ वर्षं एसीच्या धंद्यात काढली. स्टेशनजवळ माझं छोटं सर्व्हिसिंगचं दुकान होतं, हे तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे अमेरिकेत जाऊनसुद्धा मी काय केलं, तर एक एसी बसवला. तोही घरात नाही, चाकांवरच्या घरात. त्याचीच गोष्ट आज सांगणार आहे. शेवटी ती आपल्या सोसायटीपर्यंत येते, म्हणून थोडा धीर धरा.

आमची लेक आणि जावई टेक्सस राज्यात ऑस्टिनला राहतात. त्यांनी एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे काय, तर दोन आसांवरची २२ फुटांची खोली. आत पलंग, शेगडी, फ्रिज, मोरी, सगळं. पण तिला स्वतःचं इंजिन नाही. पिकअप गाडीच्या मागे जोडायची आणि ओढत न्यायची. तिकडे जागोजागी कॅम्पग्राउंड असतात. तिथे खांबाला विजेचा पॉइंट आणि पाण्याचा नळ मिळतो. वायर लावायची, नळी लावायची आणि संसार सुरू.

ह्या ट्रेलरच्या छपरावर कंपनीनेच बसवलेला एसी असतो. छपराला १४ इंच बाय १४ इंचाचं भोक असतं, त्यावर सबंध यंत्र ठेवलेलं. आमच्यावाला चालत होता, पण आवाज असा की शेजारी बसलेल्याला ओरडून चहा विचारावा लागे. मे-जूनमध्ये तिथे पारा ३८-४० ला जातो, तेव्हा बंदही ठेवता येईना. शिवाय विजेचा घोळ. अशा ट्रेलरला बहुतेक ठिकाणी ३० अँपिअरचा पॉइंट मिळतो आणि तिकडचा दाब १२० व्होल्ट. म्हणजे सगळे मिळून ३,६०० वॅट. आपल्याकडे २३० व्होल्ट असल्यामुळे तेवढ्याच कामाला करंट जवळजवळ निम्मा लागतो, तिकडे दुप्पट. छपरावरचा एसी १४ अँपिअर खायचा, मायक्रोवेव्ह १२, त्यात गिझर चालू असला की ब्रेकर खाली. सौ.ने पोहे गरम करायला घेतले की जावईबापू अंधारात चाचपडत ब्रेकर शोधायचे.

लेक म्हणाली, "बाबा, आपण ह्याला स्प्लिट बसवूया का? तुम्ही आहात ना!"

त्या "तुम्ही आहात ना" वर मी पाघळलो. दुकान बंद करून मला सहा वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांत मला कुणी "तुम्ही आहात ना" म्हणालं नव्हतं.

एक टनाचा, १२० व्होल्टवर चालणारा इन्व्हर्टर स्प्लिट आणला. मुलांसाठी सांगतो, एक टन म्हणजे यंत्राचं वजन नव्हे. अमेरिकन टनभर, म्हणजे सुमारे ९०० किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी उष्णता हे यंत्र खोलीबाहेर काढतं. एसी थंडी तयार करत नाही, उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. ओझं वाहणारा हमालच तो.

पहिला प्रश्न आला, आउटडोअर कुठे टांगायचा? वजन साधारण २८ किलो. जावईबापू म्हणाले, मागे बंपर आहे, त्यावर ठेवू. मी बंपर हाताने वाजवून पाहिला. चार इंची चौकोनी पाइप, पण पत्रा पातळ. स्टेपनी धरेल एवढाच त्याचा जीव. रस्त्यावर धक्के खात वेल्डिंग तुटलं, तर मागच्या गाडीवाल्याच्या काचेत आमचा एसी.

त्याहून मोठी अडचण तोलाची होती. आपल्यातल्या ज्यांचं बालपण गावी गेलं, त्यांना हे एका शब्दात कळेल. बैलगाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलार होते, पुढे जास्त भरला की धुरजड होते. ट्रेलरचं तंतोतंत तेच. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर यायला हवा. त्याहून कमी आला की गाडी वेगात असताना ट्रेलर शेपटीसारखा डावीकडे-उजवीकडे झुलायला लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलासुद्धा उलटवू शकतो. म्हणून आम्ही आउटडोअर पुढे, जोडाच्या तिकोनी सांगाड्यावर घेतला. तिथे स्वयंपाकाच्या गॅसच्या दोन टाक्या असतात. त्यांना हात लावता येईल, एसीची गरम हवा त्यांच्यावर येणार नाही, असं अंतर राखलं. लोखंडी अँगलचं स्टँड करून सांगाड्याला वेल्ड केलं आणि मध्ये रबराचे पॅड घातले. मग वजनकाट्यावर ट्रेलर नेऊन पुढचा भार पुन्हा मोजला.

दुसरा प्रश्न भिंतीचा. आपल्या भिंतीत ड्रिल मारा, फास्टनर ठोका, झालं. ट्रेलरची भिंत म्हणजे बाहेर ॲल्युमिनियमचा पत्रा, आत तीनेक मिलिमीटरची प्लाय आणि मध्ये लाकडी पट्ट्यांचा पिंजरा. नुसत्या प्लायला इनडोअर टांगला, तर पहिल्याच खड्ड्यात तो पलंगावर येईल. आम्ही ठोकून ठोकून आतल्या पट्ट्या शोधल्या, त्यांना पाऊण इंची प्लायचा तक्ता स्क्रूने पक्का केला आणि त्या तक्त्यावर इनडोअर चढवला. तांब्याच्या नळ्यांना एक मोठा वळसा ठेवला, म्हणजे हादरे त्या वळशात जिरतात आणि जोडावर ताण येत नाही.

इथपर्यंत मी सेनापती आणि जावईबापू सैनिक. नळी कापली, आतली कड घासून साफ केली, नट आधी नळीत घातला आणि मग फ्लेअर काढला. आमच्या धंद्यात नवीन पोरगा ओळखायचा तर एवढंच बघायचं, तो आधी फ्लेअर काढतो आणि मग नट हातात घेऊन डोकं खाजवतो.

आता फक्त गॅस सोडायचा राहिला होता. मी पाना उचलला आणि जावईबापू म्हणाले, "बाबा, थांबा. इथून पुढे आपल्याला हात लावता येणार नाही."

तिकडचा कायदा असा आहे की, ज्या कामात एसीचा गॅस हवेत सुटू शकतो, ते काम प्रमाणपत्र असलेल्या माणसानेच करायचं. स्वच्छ हवेच्या कायद्याचं ६०८ वं कलम आहे, त्याची परीक्षा द्यावी लागते. कारणही खरं आहे. आमच्या यंत्रातला आर-४१०ए गॅस एक किलो हवेत सोडला, तर १०० वर्षांच्या हिशेबाने सुमारे २,००० किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापमानवाढीला हातभार लागतो.

कायदा पटला, पण राग आला. ३४ वर्षं ज्या हातांनी हे काम केलं, ते हात खिशात घालून उभं राहायचं? त्या दिवशी मी जेवलो नाही. सौ. म्हणाली, "परीक्षेत नापास झाल्यासारखे काय बसलात?"

दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ आला. पोरगा आपल्या सी विंगमधल्या कॉलेजच्या पोरांएवढा. आला, आमचे जोड पाहिले, मान डोलावली. मला जरा बरं वाटलं. मग त्याने टॉर्कच्या पान्याने प्रत्येक नट ठरलेल्या जोरावर आवळला. नायट्रोजनची टाकी लावून नळ्यांमध्ये सुमारे ४०० पीएसआय दाब भरला, जोडांना साबणाचं पाणी लावलं आणि अर्धा तास काटा पाहत बसला. काटा हलला नाही. मग नायट्रोजन सोडला, व्हॅक्यूम पंप लावला, एक डिजिटल मीटर जोडला आणि पुन्हा बसला.

मी म्हटलं, "आम्ही एवढं करत नव्हतो. इनडोअरचा नट सैल करायचा, आउटडोअरची किल्ली पाव आटा फिरवायची, आतल्या गॅसने नळीतली हवा फुस्सकन बाहेर ढकलायची आणि नट आवळायचा. दहा सेकंदांचं काम."

तो पोरगा अजिबात हसला नाही. अगदी अदबीने त्याने विचारलं, "सर, मग ते एसी किती वर्षं चालले?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या दुकानात वही होती, पण त्यात बसवल्याची तारीख आणि मिळालेले पैसे एवढंच असायचं. किती वर्षं चालला, हे मी कधी लिहिलंच नव्हतं.

हा पंप नेमकं काय करतो, ते आपल्या स्वयंपाकघरातून समजून घ्या. कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं. त्याच्या उलट, दाब कमी केला की पाणी कमी तापमानाला उकळतं. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब ७,६०,००० मायक्रॉन. पंपाने नळीतला दाब ५०० मायक्रॉनपर्यंत उतरवला, तर तिथे पाणी शून्याखाली २४ अंशांनासुद्धा उकळतं. म्हणजे नळीच्या आत चिकटलेला दमटपणा, दवाचा थेंब, सगळं आपोआप वाफ होऊन पंपावाटे बाहेर जातं. फुस्स केल्याने हवा जाते, तीही सगळी नाही. दमटपणा मात्र नळीला चिकटून तसाच राहतो.

मग आमचे जुने एसी कसे चालले? त्याचं कारण तेलात आहे. कॉम्प्रेसरमध्ये वंगणाचं तेल असतं. जुन्या आर-२२ गॅसबरोबर खनिज तेल असायचं, ते पाणी फारसं धरत नाही. त्यामुळे आमची चूक पचून जायची. पुढे आर-४१०ए आणि आर-३२ हे गॅस आले, त्यांच्याबरोबर तेल बदललं. हे नवं तेल पावसाळ्यात मीठ ओलं होतं तसं पाणी ओढतं. पाणी आणि तेल मिळून आम्ल तयार होतं आणि ते कॉम्प्रेसरच्या आतल्या मोटरच्या वेटोळ्यावरचा लेप खातं. यंत्र पहिल्या दिवशी छान थंड करतं, दुसऱ्या वर्षीही करतं आणि मग एका दुपारी बंद पडतं.

गॅस बदलला, तेल बदललं. माझी सवय मात्र बदलली नव्हती.

पंप चालू होता, आकडा हळूहळू उतरत होता आणि मला आपली ए विंग दिसत होती. बारा-तेरा वर्षांपूर्वी आपल्या मास्तरांच्या घरी मी नवा स्प्लिट बसवला होता. त्यांच्या निवृत्तीच्या पैशातला पहिला एसी. त्या दिवशी मला आणखी चार कॉल होते. मी दहा सेकंदांत काम उरकलं. तिसऱ्या उन्हाळ्यात कॉम्प्रेसर गेला. मी जाऊन पाहिलं आणि सांगितलं, "मास्तर, व्होल्टेजने गेला." मास्तरांनी विश्वास ठेवला आणि खिशातून पैसे भरून नवा कॉम्प्रेसर घेतला. वर मला चहा पाजला.

इकडे आल्यावर आठवडाभर मी त्यांच्यासमोर जाण्याचं टाळलं. जिन्यात दिसले की मी लिफ्टकडे वळायचो. शेवटी एका संध्याकाळी गेलो आणि सगळं सांगितलं. मास्तर म्हणाले, "म्हणजे व्होल्टेज नव्हतं?"

मी म्हटलं, "असेलही, नसेलही. ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पण पंप मी लावला नव्हता, एवढं नक्की."

मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? गच्चीवर सांगा. चार जणांना कळेल तरी." आजचं हे भाषण त्यांच्या सांगण्यावरून आहे आणि त्यांचा उल्लेखही त्यांच्या परवानगीने करतो आहे. समोर पहिल्या रांगेत बसलेत.

ट्रेलरचं पुढे काय झालं, तेही सांगतो, नाहीतर सगळ्या बाबतीत तो पोरगाच शहाणा आणि मी खुळा असं वाटेल. तर खुळेपणाचा आणखी एक नमुना माझाच आहे. पहिली सहल आम्ही फ्रेडरिक्सबर्गला काढली, सुमारे सव्वाशे किलोमीटर. वाटेत दोनदा थांबून सगळे नटबोल्ट तपासले. एक कण हललं नव्हतं. रात्री एसी लावला, आवाज इतका कमी की सौ.ला वाटलं बंद पडला. मीटर पाहिला, सुरुवातीला नऊ अँपिअर, खोली गार झाल्यावर चार. मायक्रोवेव्ह, गिझर, सगळं एकदम चालू. ब्रेकर जागचा हलला नाही. मी समाधानाने झोपलो.

पहाटे तीनला तोंडावर पाणी. इनडोअरमधून टपटप टपटप. मी ड्रेनच्या नळीला उतार दिला होता अगदी बरोबर, फुटाला पाव इंच. पण तो इमारतीच्या हिशेबाने दिला होता. इमारत जागची हलत नाही. ट्रेलर त्या रात्री उतारावर उभा होता, त्यामुळे नळीचा उतार उलटा झाला आणि पाणी घरात आलं. पहाटे जावईबापू आणि मी टॉर्च आणि स्पिरिट लेव्हल घेऊन जॅक फिरवत होतो आणि आतून माझी नात ओरडत होती, "आजोबा, पाऊस थांबला!"

आता आपल्या सोसायटीकडे येतो. पंचवीस वर्षांपूर्वी आपण राहायला आलो, तेव्हा ह्या इमारतींत किती एसी होते? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आज खाली उभं राहून वर पाहा, प्रत्येक खिडकीखाली एक आउटडोअर. म्हणून पुढच्या वेळी मेकॅनिक येईल, तेव्हा चार गोष्टी बघा.

एक, ब्रॅकेट. आपल्याकडे दमट खारी हवा आहे, लोखंड गंजतं. आउटडोअरखालचे अँगल आणि फास्टनर दर वर्षी पावसाळ्यानंतर बघून घ्या. बी विंगच्या गेटवर जिथे पोरं क्रिकेट खेळतात, त्याच्या बरोबर वर पाच आउटडोअर आहेत. काही अँगलचा रंग मला खालूनसुद्धा तांबडा दिसतो.

दोन, पाणी. ड्रेनची नळी कुठे सोडली आहे, ते स्वतः पाहा. वरच्याचं पाणी खालच्याच्या ग्रिलवर पडतं आणि मग जनरल बॉडीत भांडण होतं. भांडण नळीचं असतं, माणसांचं नसतं.

तीन, वायर. एसीला स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि अर्थिंग पाहिजेच. मल्टिप्लगवर एसी चालवू नका.

आणि चार, पंप. मेकॅनिकला विचारा, "व्हॅक्यूम पंप आणलाय का?" आणि तो चालू असताना घड्याळ बघा. निदान अर्धा तास. आता बहुतेक घरांत आर-३२ गॅस येतो. तो थोडा ज्वालाग्राही आहे. त्याने फुस्स करून हवा काढायची नाही, आणि काम चालू असताना जवळ काडी ओढायची नाही.

पण एक विनंती. पंप न लावणाऱ्या पोराला लगेच चोर म्हणू नका. त्याला एका एसीमागे ठरलेले पैसे मिळतात, बाहेर दुसरे चार कॉल थांबलेले असतात आणि त्यात आपणच दारात उभे राहून विचारतो, "किती वेळ लागेल अजून?" मीही त्याच घाईत होतो. नट, ब्रॅकेट, वायर डोळ्यांना दिसतात, म्हणून ती कामं नीट होतात. नळीच्या आतला दमटपणा दिसत नाही, म्हणून त्याचा अर्धा तास आपण सगळे मिळून चोरतो. त्याला चहा द्या, खुर्ची द्या आणि तो अर्धा तास द्या.

समितीला माझी एक सूचना आहे. सोसायटीने एक चांगला व्हॅक्यूम पंप आणि मायक्रॉन मीटर घेऊन ऑफिसमध्ये ठेवावा. कुणाकडे एसी बसणार असेल, तर त्याने तो न्यावा आणि सही करून परत करावा. शेजारी एक वही ठेवू. तारीख, कुणाचं घर, मीटरवर किती आकडा आला आणि यंत्र किती वर्षं चाललं, हे त्यात लिहायचं. शेवटचा रकाना माझ्या दुकानाच्या वहीत नव्हता. पंप लावायला मी स्वतः येऊन बसेन, पैसे घेणार नाही. पहिली नोंद मास्तरांच्या घरची असेल. त्यांनी मागच्या आठवड्यात नवा एसी घेतलाय आणि बसवायचं काम, मला आश्चर्य वाटलं, पण मलाच सांगितलंय. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता. पंप भाड्याने आणून ठेवलाय. ज्यांना बघायचं असेल, त्यांनी जरूर यावं. दहा सेकंदांत उरकणार नाही, एवढं सांगतो.